साबण उष्टा होतो का?

पत्र असं आहे:

"मी २४ वर्षांची आहे. चार महिन्यांपूर्वी नोकरीसाठी थोरल्या बहिणीकडे राहायला आले. घरात ताई, भावजी, त्यांचा १६ वर्षांचा मुलगा, ८ वर्षांची मुलगी आणि मी. बाथरूम एकच आणि त्यात सगळ्यांना मिळून साबणाची एकच वडी. त्या वडीला हात लावायला मला नको वाटतं. कधी तिच्यावर कुणाचा तरी केस चिकटलेला असतो, खालून ती बुळबुळीत झालेली असते. ज्या साबणाने भावजींनी अंग घासलं तोच मी तोंडाला लावायचा, हा विचार डोक्यातून जात नाही. म्हणून मी माझा साबण डबीत घालून नेते आणि अंघोळ झाली की परत घेऊन येते. ताईच्या ते लक्षात आलं. ती म्हणाली, 'लहानपणी एका पांघरुणात झोपायचो आपण. आता साबण वेगळा झाला का?' मी म्हटलं, त्याच्यावर जंतू असतात, इंटरनेटवर वाच. भावजी म्हणाले, 'साबणच घाण झाला तर मग स्वच्छ काय राहिलं?' तेव्हापासून ताई माझ्याशी कामापुरतंच बोलते. त्यात भाचा फुटबॉल खेळतो, त्याला महिनाभरात पाठीवर आणि मांडीवर मिळून तीन केसतुडं झाली, तेव्हा तर मी जास्तच धास्तावले. एका साबणाने खरंच रोग पसरतात का? बाटलीतला पातळ साबण किंवा जंतुनाशक साबण आणला तर बरं पडेल का? बेसिनवरचा हात धुवायचा साबण तरी सगळ्यांचा एक चालेल का? तिथे हात पुसायलाही सगळ्यांना एकच टॉवेल असतो. मी चुकतेय की ताई?"

तू वयाने लहान आहेस, म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस.

आधी थेट उत्तर देते. घरातल्या सगळ्यांची त्वचा धड असेल, कुठे जखम, फोड, खाज नसेल, तर एका वडीने सगळ्यांनी अंघोळ केल्याने रोग पसरण्याची भीती जवळजवळ नाही. पण तुमच्या घरात आज सगळ्यांची त्वचा धड नाहीये. भाच्याला तीन केसतुडं आहेत. त्यामुळे भावजींचं म्हणणं एरवी बरोबर असलं तरी या महिन्यात ते अपुरं पडतं. आणि तू ज्या कारणासाठी घाबरतेस ते कारण चुकीचं असलं तरी घाबरण्यासारखं काहीतरी घरात खरोखरच आहे. ते काय, ते पुढे सांगते. आधी साबणाचं नीट समजून घेऊ, म्हणजे ताईशी बोलताना तुझ्या हातात काहीतरी असेल.

साबण जंतूंना विष घालून मारतो, असा पुष्कळांचा समज असतो. साध्या साबणाचं मुख्य काम ते नाही. साबणाच्या प्रत्येक रेणूला दोन टोकं असतात. एकाला पाणी आवडतं, दुसऱ्याला तेल. आपल्या त्वचेवर तेलकट थर असतो, मळ आणि जंतू त्या थरात रुतून बसलेले असतात. नुसतं पाणी वरून ओघळून जातं. साबण लावून चोळलं की तेल आवडणारी टोकं त्या तेलकट थरात घुसतात, त्याचे बारीक बारीक गोळे करतात आणि पाणी आवडणारी टोकं ते गोळे पाण्याबरोबर ओढून नेतात. सुटलेला मळ आणि जंतू मग फेसाबरोबर मोरीत जातात. काही विषाणूंवर चरबीचं आवरण असतं, करोनाचा विषाणू आणि फ्लूचा विषाणू तसलेच. त्यांचं आवरण साबणाने फाटतं आणि ते निकामी होतात. बाकीच्यांच्या बाबतीत चोळणं आणि भरपूर पाण्याने धुणं हेच खरं काम करतं.

आता तुझ्या मनातला प्रश्न. भावजींच्या अंगावरचे जंतू वडीवर बसले, तू ती वडी घेतलीस, मग ते तुझ्या अंगावर येणारच की! हाच प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता. १९६५ साली एक प्रयोग झाला. त्यात हातांना मुद्दाम सुमारे ५ अब्ज जीवाणू लावले, त्यात केसतुडाला कारण होणारे स्टॅफिलोकॉकस होते आणि आतड्यातले ई. कोलायही होते. त्या हातांनी एक वडी वापरली आणि लगेच दुसऱ्या माणसाने त्याच वडीने हात धुतले. पहिल्याचे जंतू दुसऱ्याच्या हातावर गेले नाहीत. १९८८ साली पुन्हा पडताळणी झाली. या वेळी वडीवरच जंतू सोडले, वापरातल्या साबणावर सापडतात त्याच्या जवळपास ७० पट. त्या वड्यांनी १६ जणांनी हात धुतले. एकाच्याही हातावर ते जंतू मोजण्याइतके सापडले नाहीत. यातला निदान दुसरा प्रयोग साबण बनवणाऱ्या कंपनीतल्या संशोधकांचा होता, हे तुला सांगितलंच पाहिजे. साबण निर्दोष ठरला तर त्यांना आनंदच होणार. तरीही निष्कर्ष पटण्यासारखा आहे, कारण साबण कसं काम करतो त्याच्याशी तो जुळतो. तू वडी हातात घेतेस, पाण्याखाली धरतेस, फेस काढतेस आणि तो फेस धुऊन टाकतेस. वडीवर जे काही आलेलं असतं ते त्याच फेसाबरोबर निघून जातं. उष्ट्या भांड्यातलं तोंडात जातं, तसं साबणाचं होत नाही.

म्हणजे वडीवर जंतू नसतात का? असतात. तू ताईला सांगितलंस ते खोटं नव्हतं. वापरातल्या, विशेषतः सतत ओल्या राहणाऱ्या वड्यांवर जंतू सापडल्याचे अभ्यास झालेले आहेत. पण "वडीवर जंतू आहेत" आणि "वडीमुळे आजार होतो" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि इंटरनेटवरच्या बहुतेक मजकुरात पहिली गोष्ट सांगून दुसरीची भीती घातलेली असते. जंतू तर दाराच्या कडीवर, मोबाइलवर आणि तुझ्या-माझ्या नाकातही असतात. दर तिसऱ्या-चौथ्या निरोगी माणसाच्या नाकात स्टॅफिलोकॉकस सुखाने राहत असतो, त्याचा पत्ताही लागत नाही.

खरी गोष्ट आहे ओल्या-कोरड्याची. मी काही वर्षं वॉर्डात परिचारिका म्हणून काम केलं आहे. ज्या रुग्णालयात मी नवीन लागले तिथे हात धुवायच्या बेसिनवर साबण एका प्लास्टिकच्या झाकणात ठेवलेला असायचा. झाकणाला भोक नाही, त्यामुळे सदा पाणी साचलेलं. दुपारपर्यंत वडीचा खालचा भाग विरघळून त्याचा खळीसारखा लगदा व्हायचा, त्यात राखाडी रेषा दिसायच्या, एखादा कापसाचा धागा अडकलेला असायचा. घाईत असलेलं माणूस वडी उचलतच नसे. बोटाच्या टोकाने तो लगदाच थोडा घ्यायचा आणि हातावर फिरवून पुढे जायचं. मीही तेच करत होते. आमच्या वॉर्डच्या वरिष्ठ सिस्टरांनी एक दिवस ते झाकण उचललं, लगदा मोरीत ओतला, नवी वडी कागदातून काढली आणि शिवायच्या जाड दोऱ्याने तिचे चार तुकडे केले. दोरा वडीवर धरून दोन्ही बाजूंनी खाली ओढला की लोण्यासारखा कापतो. मग एका भोकाच्या ताटलीत त्यातला एकच तुकडा ठेवला, उभा. "तीन-चार दिवसांत संपला पाहिजे," म्हणाल्या, "संपला की पुढचा. म्हातारा साबण नको आपल्याला." पुढे माझ्या वाचनात आलं की अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २००२ साली रुग्णालयांसाठी हात धुण्याचे जे नियम काढले त्यातही हेच आहे. वडी वापरायची असेल तर पाणी निथळेल अशी साबणदाणी आणि लहान लहान वड्या. रुग्णालयातसुद्धा वडीवर सरसकट बंदी नाही, हे लक्षात घे. नको आहे ते साचलेलं पाणी.

म्हणून तुमच्या बाथरूममध्ये पहिली बदलायची ती साबणदाणी. खाली भोकं किंवा उंच पट्ट्या असलेली, नळाच्या धारेपासून लांब. प्रत्येकाने साबण वापरून झाला की वडी पाण्याखाली धरून वरचा फेस आणि केस धुवायचे आणि मगच ती ठेवायची. वापरण्याआधीही एकदा धुवून घ्यायची. दोन अंघोळींच्या मध्ये ती सुकायला वेळ मिळाला तर फारच उत्तम. पाच जणांची अंघोळ एकामागून एक होते तेव्हा ते जमणार नाही, म्हणून दोन वड्या आळीपाळीने ठेवता येतील. भेगा पडलेला, मधून काळसर झालेला जुना तुकडा नव्या वडीला चिकटवत बसू नका, त्या भेगांमध्येच ओल आणि मळ धरून राहतो.

आता त्या तीन केसतुडांकडे वळते, कारण तुझ्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे.

अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या फुटबॉल संघात २००३ सालच्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ११ खेळाडूंना स्टॅफिलोकॉकसच्या हट्टी जातीचा, नेहमीच्या औषधांना दाद न देणारा, त्वचेचा संसर्ग झाला. बहुतेकांची तक्रार एकच, गळवं. (तिकडचा फुटबॉल म्हणजे अंगावर धडकून खेळायचा खेळ, तुझ्या भाच्याचा नव्हे. पण खरचटणं दोन्हीकडे आलंच.) कारण शोधणाऱ्यांनी आजारी आणि बऱ्या खेळाडूंच्या सवयींची तुलना केली. आजारी पडलेल्यांमध्ये दोन गोष्टी ठळक दिसल्या. एक, ते साबणाची वडी एकमेकांत वापरत होते. दुसरी, त्यांच्या अंगावर आधीच कापलेलं-खरचटलेलं होतं. ज्यांच्या नाकात तो जीवाणू मुक्कामाला होता त्यांच्यात एकमेकांचे टॉवेल वापरण्याची सवय जास्त आढळली.

मग मघाचे दोन प्रयोग खोटे का? नाही. प्रयोगात धड त्वचेचे हात होते आणि लोकांनी फेस काढून ते नीट धुतले होते. खेळाडूंच्या बाबतीत बहुधा जखमेतला पू अंगावर, अंगावरचं थेट वडीवर, आणि तीच वडी लगोलग दुसऱ्याच्या सोललेल्या गुडघ्यावर. शिवाय टॉवेल एकत्र, अंगाला अंग घासणं एकत्र. एकट्या साबणावर सगळा दोष टाकता येणार नाही, पण त्याला मोकळंही सोडता येत नाही. तुझ्या शंकेत तथ्य आहे ते एवढंच, आणि तेवढं ते आहेच.

म्हणून भाच्याची सगळी केसतुडं पूर्ण बरी होईपर्यंत त्याचा साबण वेगळा, टॉवेल वेगळा, रेझर वेगळा (१६ वर्षांचा मुलगा भावजींचा रेझर उचलतो की नाही, हे जरूर विचार, रेझरने तर त्वचेला चिरा पडतात). त्याचे कपडे आणि चादर दर एक-दोन दिवसांनी गरम पाण्यात धुऊन कडक वाळवायची. केसतूड पिळायचं नाही, त्याने नाही आणि ताईनेही नाही. पिळलं की पू आतल्या बाजूलाही पसरतो. कोमट ओल्या कापडाने दिवसातून तीन-चारदा शेकायचं, वर कोरडी पट्टी ठेवायची, पट्टी बदलली की ती पिशवीत बांधून टाकायची आणि लगेच हात धुवायचे. पट्टीखाली वाहत असेल तोवर खेळायला जायचं नाही, कारण तिथे बाकीची मुलं आहेत. आणि महिन्याभरात तीन म्हणजे डॉक्टरांना दाखवायलाच हवं. पू तपासून कोणता जीवाणू आहे ते कळतं आणि त्याप्रमाणे औषध देता येतं. केसतुडं वारंवार होत असतील तर रक्तातली साखरही एकदा बघतात. ताप आला, भोवतीची लाली पसरायला लागली किंवा चेहऱ्यावर, नाकाजवळ केसतूड आलं तर त्याच दिवशी दाखवायचं.

खरूज किंवा नायटा घरात कुणाला झाला तरी असंच वेगळं करावं लागतं, पण तिथे साबणापेक्षा कपडे, अंथरूण, टॉवेल, कंगवा यांच्याकडे जास्त बघायचं. खरजेचा किडा अंगाबाहेर, कपड्यात-चादरीत, दोन-तीन दिवस जिवंत राहू शकतो.

आणि आता तो टॉवेल. साबणाबद्दल तू पानभर लिहिलंस. टॉवेलबद्दल शेवटी एकच वाक्य, तेही ओझरतं. मला वाचताना उलटं वाटलं. साबण निदान प्रत्येक वेळी धुतला जातो, फेसाबरोबर त्याचा वरचा थर निघून जातो. टॉवेल धुतला जात नाही. पाच जण दिवसभर त्याला हात पुसतात, तो कधी पूर्ण वाळत नाही, त्याला कोंदट वास यायला लागतो आणि तो वास म्हणजे त्यात जीवाणू वाढल्याची खूण असते. घाईत अर्धवट धुतलेले हातही त्याच टॉवेलला पुसले जातात. ओला हात कोरड्या हातापेक्षा जास्त जंतू उचलतो आणि जास्त सोडतो. म्हणजे हात उत्तम धुऊन तू त्या ओलसर टॉवेलला पुसलेस तर निम्मं काम पाण्यात गेलं. अंग पुसायचा टॉवेल तर प्रत्येकाचा वेगळाच हवा, याबद्दल मी अजिबात मागेपुढे पाहणार नाही. बेसिनवरही पाच लहान हातपुसणी पाच हुकांना लावा, किंवा एकच ठेवायचं असेल तर ते रोज बदला. अंग घासायची जाळी, स्पंज किंवा वाळलेल्या दोडक्याची घासणी वापरत असाल तर तीही प्रत्येकाची वेगळी. तिच्या भोकांमध्ये मेलेली त्वचा अडकते, ती ओली राहते आणि जीवाणूंना दुसरं काय लागतं? वापरून झाली की झटकून बाथरूमच्या बाहेर वाळत घालायची आणि काही आठवड्यांनी टाकून द्यायची.

बाटलीतल्या पातळ साबणाचं विचारलंस. बेसिनवर तो सोयीचा आहे, विशेषतः घरात कुणाच्या त्वचेला संसर्ग असताना, कारण दाबायच्या टोकाला हात लागला तरी हात लगेच धुतलाच जातो. पण बाटली म्हणजे आपोआप स्वच्छ, असं नाही. मोठ्या डब्यातून ओतून पुन्हा पुन्हा भरायच्या, उघड्या तोंडाच्या बाटल्या सार्वजनिक स्वच्छतागृहांत असतात. २०११ साली अमेरिकेत त्या तपासल्या तेव्हा जवळपास चौथा हिस्सा बाटल्यांमधला साबण जीवाणूंनी दूषित निघाला. घरी आपण काय करतो? बाटली तळाला आली की थोडं पाणी घालून हलवतो आणि वरून नवा साबण ओततो. पाण्याने साबणातलं टिकवणारं द्रव्य पातळ होतं आणि जुन्यातले जंतू नव्यात जातात. बाटली पूर्ण रिकामी करायची, आतून धुऊन वाळवायची, मग भरायची. पाणी घालायचं नाही.

जंतुनाशक साबण मात्र आणू नकोस. त्याची गरज नाही. ट्रायक्लोसान, ट्रायक्लोकार्बान अशी एकूण १९ द्रव्यं घालून घरगुती जंतुनाशक साबण विकायला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सप्टेंबर २०१६ मध्ये मनाई केली, कारण साध्या साबण-पाण्यापेक्षा त्यांचा फायदा जास्त आहे आणि रोज वर्षानुवर्षं वापरणं सुरक्षित आहे, हे कंपन्यांना दाखवता आलं नव्हतं. भाच्याला डॉक्टरांनी औषधी द्रावण अंगाला लावायला दिलं, तर ती गोष्ट वेगळी. ते उपचार म्हणून, ठरावीक दिवस.

बेसिनवर एकच वडी चालेल का? चालेल, निथळती असेल तर. आणि इथे एक सांगते, घरातली पुष्कळ आजारपणं साबण कुणाचा यावर ठरत नाहीत, हात कधी आणि किती वेळ धुतले यावर ठरतात. साबणाने हात धुण्याच्या सवयीने जुलाबाचं प्रमाण साधारण ३० टक्क्यांनी कमी होतं, हे अनेक अभ्यास एकत्र करून निघालेलं आहे. शौचाहून आल्यावर, खाण्याआधी, स्वयंपाकाआधी, नाक शिंकरल्यावर, बाहेरून आल्यावर, भाच्याच्या पट्टीला हात लागल्यावर. पूर्ण २० सेकंद. तुझी ८ वर्षांची भाची हात कसे धुते ते एकदा शेजारी उभं राहून बघ. मुलं तळव्यावर तळवा दोनदा फिरवतात आणि झालं म्हणतात. बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखांची टोकं आणि हाताची मागची बाजू कोरडीच राहते. तिला अंगठा मुठीत धरून फिरवायला शिकव, नखं दुसऱ्या तळव्यावर खरवडायला शिकव. गरम पाणीच हवं असं नाही. २०१७ साली अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात १५, २६ आणि ३८ अंश सेल्सिअसच्या पाण्याने हात धुवून बघितले, जंतू निघण्यात फरक पडला नाही. घरात उलट्या-जुलाबाची साथ असेल तर सॅनिटायझरवर विसंबू नका. नोरोव्हायरससारख्या विषाणूंवर चरबीचं आवरण नसतं, अल्कोहोल त्यांच्यावर नीट चालत नाही. तिथे साबण, पाणी आणि चोळणंच.

अंगाबद्दल थोडंसं. पत्रावरून वाटतं, तू जरा जास्तच घासतेस. आपली त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा सामू (आम्ल-अल्कली मोजायचा आकडा, पीएच) ५ च्या आसपास. वडीचा साबण अल्कलीधर्मी, ९-१० पर्यंत. दिवसातून दोनदा अंगभर फेस काढून खसाखसा घासलं तर त्वचेचा तेलकट थर निघून जातो, ती कोरडी पडते, बारीक भेगा पडतात आणि जंतूंना आत शिरायला वाट मिळते. काखा, जांघा, पावलं, मान इथे रोज साबण हवा. हातपाय, पोट, पाठ यांना घाम-धूळ नसेल तर पाणी पुरतं. योनीच्या आत साबण कधीच नको, बाहेरूनही नुसतं पाणी पुरे. चेहऱ्याला वेगळा, सौम्य साबण हवा असं तुला वाटतं, ते मला मान्य आहे, आणि त्यासाठी भावजींचं कारण द्यायची गरज नाही. चेहऱ्याची त्वचा वेगळी, म्हणून साबण वेगळा, बस.

तुझी किळस खोटी आहे असं मी म्हणत नाही. ओल्या वडीवरचा दुसऱ्याचा केस बघून मलाही शिरशिरी येते. किळस ही माणसाला जपणारी जुनी भावना आहे. पण किळस म्हणजे संसर्ग नव्हे. तुझ्याकडून चूक झाली असेल तर ती साबण वेगळा ठेवण्याची नाही. मला नकोसं वाटतं, एवढं साधं बोलायचं होतं आणि तू जंतू पुढे केलेस. ताईने ऐकलं ते असं, की आमच्या घरात जंतू आहेत. जिने तुला घरात ठेवून घेतलं, तिला ते लागणारच. वेगळा साबण ठेवायला शास्त्राचा दाखला लागत नाही, आवड पुरेशी आहे. "ताई, मला लहानपणापासून साबणाचं असंच आहे, तुझ्या घराचा त्यात काही दोष नाही, आणि मी जंतूंचं बोलले ते चुकलं," एवढं म्हण. डबी बाथरूमबाहेर नेणं-आणणंही बंद कर. तुझी साबणदाणी त्यांच्या साबणदाणीशेजारीच, उघडी ठेव. लपवून नेलेल्या डबीने ती दुखावली, साबणाने नाही.

पण हे सगळं दुसऱ्या दिवशी. आधी भाच्याचं. तिसरं केसतूड कुठल्या मांडीवर आहे, त्याला पट्टी आहे का, तो चालताना लंगडतो का, हे तुझ्या पत्रात नाही. आज संध्याकाळी त्याच्याजवळ बस आणि विचार. बेसिनवरचा तो टॉवेल काढून धुवायला टाक, कुणाला काही न सांगता. आणि मग ताईला म्हण, "याला उद्याच डॉक्टरांकडे नेऊ या का? मी सुट्टी काढते, तुझ्याबरोबर येते."